मैत्रीला दोघे लागतात

परमुलखात नोकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी मंडळींच्या बैठकीला एक ठरलेले वळण असते. आधी बदल्या, मग महागाई भत्ता, मग मुलांच्या मराठीची काळजी आणि शेवटी पोहे. आमची बैठक कुम्हारीस भरते, याचे कारण साहित्यिक नसून भौगोलिक आहे. हे गाव रायपूर आणि भिलाई यांच्यामध्ये, खारून नदीच्या पश्चिमेस आहे; तेव्हा राजधानीतल्या कचेऱ्यांकडची मंडळी आणि पोलादाच्या कारखान्याकडची मंडळी यांपैकी कोणालाच 'दर वेळी आम्हीच का यावे?' असे म्हणण्यास जागा उरत नाही. मागील एका बैठकीत मात्र नेहमीच्या क्रमात थोडा पालट झाला. यजमानांच्या महाविद्यालयात शिकणाऱ्या चिरंजिवांनी 'प्लूरिबस' या नव्या अमेरिकन विज्ञानकथामालिकेचे पहिले दोन भाग मोठ्या पडद्यावर सर्वांना दाखविले. त्यांवर जे बोलणे झाले, आणि त्यानंतर तासाभराने जो एक ठराव एकमताने संमत झाला, त्या दोहोंचा मिळून काही विचार व्हावा असे आम्हाला वाटते. ठराव संमत होताना आम्ही गप्प बसलो होतो. हा लेख म्हणजे त्या गप्प बसण्याचे प्रायश्चित्त समजावे.

प्रथम मालिकेविषयी. 'ब्रेकिंग बॅड'चे कर्ते व्हिन्स गिलिगन यांनी रचलेली ही मालिका अ‍ॅपल कंपनीच्या वाहिनीवर 7 नोव्हेंबर 2025 रोजी सुरू झाली. पहिले दोन भाग एकाच दिवशी आले आणि नऊ भागांचे पहिले सत्र त्याच वर्षीच्या डिसेंबरात पुरे झाले. आम्ही येथे बोलणार आहोत ते पहिल्या दोन भागांपुरतेच. आमचा वाद ज्या प्रश्नाशी आहे तो तेथेच पुरता मांडला गेला आहे, आणि पुढचे सांगून कोणाचा रसभंग करण्याची आमची इच्छा नाही.

कथा अशी. शेकडो प्रकाशवर्षांवरून एक रेडिओसंदेश येत असतो. त्यात चारच स्वर पुन्हा पुन्हा येतात. हे चार स्वर म्हणजे आरएनए या जैव रसायनाच्या साखळीतील चार घटक होत, हे शास्त्रज्ञांच्या ध्यानात येते, आणि मनुष्यस्वभावाप्रमाणे ते ती साखळी प्रयोगशाळेत बनवून पाहतात. तिच्यापासून पसरणाऱ्या संसर्गाने साऱ्या मानवजातीचे मन एक होते. एकाला जे ठाऊक ते सर्वांना ठाऊक. एकाची आठवण ती सर्वांची आठवण. युद्ध संपते, चोरी संपते, तुरुंगांची गरज राहत नाही. या जोडणीतून साऱ्या पृथ्वीवर जेमतेम डझनभर माणसे सुटतात. त्यांपैकी एक म्हणजे अमेरिकेतील अल्बुकर्की येथे राहणारी कॅरल स्टर्का ही लेखिका. खपाऊ प्रेमकादंबऱ्या लिहिणारी, त्या कादंबऱ्यांचा स्वतःलाच तिटकारा असलेली, चिडखोर आणि मद्याकडे ओढा असलेली अशी ही नायिका आहे. तिची जिवलग सहचारिणी हेलन त्याच रात्री मरण पावते.

कॅरलशी बोलण्यासाठी ते एकवटलेले मन दूरचित्रवाणीचा उपयोग करते. पडद्यावर राष्ट्राध्यक्षांच्या व्यासपीठामागे एक सुटाबुटातले गृहस्थ उभे राहतात. ते असतात शेतकी खात्याचे एक उपसचिव. सगळ्यांचे मन एकच असल्यामुळे कोणी बोलले तरी सारखेच. हे गृहस्थ जवळ होते आणि अंगावर सूट होता, म्हणून त्यांना उभे केलेले. आमच्या बैठकीतील अधिकारीवर्ग या प्रसंगी मनापासून हसला. आमच्यासारख्या कारकुनांनीही हसून घेतले, पण जरा वेगळ्या कारणाने.

भाग संपल्यावर दोन मते पडली. एका ज्येष्ठ स्नेह्यांनी सांगितले की हा सगळा पोरखेळ आहे. प्रौढ, सुशिक्षित माणसाने यात दोन तास घालवावेत असे काही नाही. दुसऱ्या स्नेह्यांचा वेदान्ताचा व्यासंग आहे. त्यांचे म्हणणे असे की यात नवीन ते काय? हे तर आपले अद्वैत. भेद गेला, 'मी' आणि 'तू' गेले, सर्वत्र एकच चैतन्य राहिले. ज्यासाठी ऋषींनी तप केले ते अमेरिकनांना एका जंतूने मिळाले, आणि ही करंटी बाई त्याविरुद्ध आदळआपट करीत आहे! या दुसऱ्या मतावर पुष्कळ माना डोलल्या. आमच्या मते ही दोन्ही मते चुकीची असून दुसरे मत अधिक घातक आहे.

पहिल्या मताचा परामर्श थोडक्यात घेऊ. दूरच्या ताऱ्यावरून संदेश यावा, त्यात एखादी वस्तू बनविण्याची कृती असावी आणि माणसाने ती बनवून संकट ओढवून घ्यावे, ही कल्पना पोरासोरांची नव्हे. केंब्रिजचे विख्यात खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल यांनी जॉन एलियट यांच्या साह्याने 1961 साली बीबीसीसाठी 'ए फॉर अँड्रोमेडा' ही सात भागांची दूरचित्रवाणी मालिका लिहिली, तिचा पाया हाच होता. याच हॉइलांचे शिष्य जयंत नारळीकर. त्यांच्या 'वामन परत न आला' या कादंबरीत संदेश ताऱ्यावरून न येता जमिनीच्या पोटातून येतो, एका लोप पावलेल्या प्रगत संस्कृतीने पुरून ठेवलेल्या पेटीतून. परंतु प्रश्न तोच : हाती आलेली विद्या, ती धाडणाऱ्याचा हेतू कळण्यापूर्वी, वापरावी काय? म्हणजे गिलिगन यांनी जो धागा उचलला आहे तो मराठी वाचकाच्या घरात केव्हाच आलेला होता. नारळीकरांनी 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत 'कृष्णविवर' ही कथा पाठविली ती स्वतःच्या आद्याक्षरांचा क्रम उलटून, 'नारायण विनायक जगताप' या नावाने. आपल्या कीर्तीचे वजन परीक्षकांवर पडू नये म्हणून. कथेस पहिले पारितोषिक मिळाले. पुढे 2021 साली नाशिकच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले. 20 मे 2025 रोजी ते निवर्तले. अशा माणसाने आयुष्यभर जोपासलेल्या वाङ्मयप्रकारास पोरखेळ म्हणणे म्हणजे आपल्याच कोठारातले धान्य न पाहता उपास काढण्यासारखे आहे.

आम्हा बाहेरच्या मराठी माणसांना तर असे म्हणण्याचा मुळीच अधिकार नाही. ज्यूल व्हर्न यांची चंद्रप्रवासाची कथा विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर मराठीत आणली ती 'केरळ कोकिळ' या मासिकाने, आणि हे मासिक 1886 साली कृष्णाजी नारायण आठल्ये यांच्या संपादकत्वाखाली जन्मले ते पुण्यास नव्हे, मुंबईस नव्हे, तर कोचीनला! मराठी विज्ञानकथेचे पहिले बी परमुलखातल्या मासिकात रुजले, ही गोष्ट परमुलखातल्या मराठी माणसाने तरी विसरू नये.

आणि जेथे आम्ही राहतो त्या भागाचा इतिहास काय सांगतो? पृथ्वीपासून सुमारे 36,000 किलोमीटर उंचीवर उपग्रह ठेवला तर तो एका जागी स्थिर भासेल आणि अशा उपग्रहांकरवी साऱ्या जगात संदेश धाडता येतील, हा विचार आर्थर क्लार्क यांनी 1945 साली एका नियतकालिकात मांडला. क्लार्क हे विज्ञानकथालेखक. तीस वर्षांनी, 1 ऑगस्ट 1975 रोजी, सहा राज्यांतील सुमारे 2,400 खेड्यांत अशाच उपग्रहावरून थेट दूरचित्रवाणी दाखविण्याचा प्रयोग भारताने सुरू केला, तो वर्षभर चालला, आणि त्यात तेव्हाच्या मध्य प्रदेशातील रायपूरभोवतालची खेडी होती. ज्या खेड्यांत वीज कशीबशी पोचली होती तेथील मुलांनी जाळीच्या मोठ्या छत्रीखाली बसून आकाशातून आलेले चित्र पाहिले. एका कथालेखकाची कल्पना येथे खरी झाली. या प्रयोगातली आणखी एक गोष्ट आम्हाला पुढे उपयोगी पडणार आहे, म्हणून आताच नोंदवून ठेवतो. त्या उपग्रहावरून एका चित्राबरोबर दोन ध्वनिमार्ग सोडण्याची सोय होती. चित्र एक, पण ते पाहणारी दोन प्रांतांतील खेडी आपापली भाषा ऐकू शकत.

आता दुसऱ्या, मुख्य मताकडे वळू. 'प्लूरिबस' मध्ये जे दाखविले आहे ते अद्वैत होय काय? वेदान्ताच्या सूक्ष्म सिद्धान्तांत शिरण्याचा आमचा अधिकार नाही. परंतु ज्या घरांत ज्ञानेश्वरी आणि तुकारामांची गाथा देव्हाऱ्याशेजारी असते त्या घरांत वाढलेल्यांना जेवढे कळते तेवढे आम्हालाही कळते. ज्ञानेश्वरांनी ग्रंथाच्या शेवटी जे दान मागितले त्यात दुष्टांचा नाश मागितला नाही. त्यांच्यातला वाकडेपणा जावा एवढेच मागितले. आमचे स्नेही म्हणतील, मालिकेत तेच झाले आहे! नाही, तेच झालेले नाही. ज्ञानेश्वरांच्या मागणीत वाकडेपणा गेल्यावर तो माणूस मागे उरतो आणि त्याला सत्कर्माची गोडी लागते. मालिकेत वाकडेपणाबरोबर माणूसही जातो. ज्ञानेश्वर प्राणिमात्रांत परस्परांचे मित्रत्व मागतात. मैत्रीला दोघे लागतात. ज्याला जे हवे ते त्याला मिळावे असे ते म्हणतात. म्हणजे हवे असणे हे प्रत्येकाचे निराळे असणार, हे त्यांनी गृहीत धरले आहे. सर्वांचे मन एक झाल्यावर मैत्री कोणी कोणाशी करावयाची? आणि तुकाराम? त्यांनी तर देवाकडे मोक्ष मागण्याऐवजी संतांची संगत मागितली आणि त्यासाठी पुन्हा जन्मास येण्याची तयारी दाखविली. देवात विरून जाण्यापेक्षा देवासमोर उभे राहून त्याच्याशी भांडणे ज्यांना गोड वाटले, त्यांच्या वारसांनी या एकजीव मुंग्यांच्या वारुळास अद्वैत म्हणावे, याचे आम्हाला आश्चर्य वाटते.

मालिकेतच याची साक्ष आहे. मरणापूर्वी काही क्षण हेलनही त्या जोडणीत सापडलेली असते. त्या क्षणांत तिच्या सर्व आठवणी साऱ्या जगाच्या होतात. कॅरलच्या कादंबरीचा रांगडा नायक तिच्या मनात मूळ एक स्त्री होता, हे गुपित त्या दोघींतच होते. दुसऱ्या भागात झोशिया नावाची जी बाई कॅरलच्या सेवेस येते ती नेमकी त्या मनातल्या स्त्रीसारखी दिसणारी निवडून पाठविलेली असते. दोघींनी जपलेली एक गोष्ट जगाच्या मालकीची झाली आणि सौजन्याचा नजराणा म्हणून परत आली! कॅरलचा जो संताप त्या वेळी उसळतो तो आमच्या काही मित्रांना अनाठायी वाटला. आम्हाला तो साऱ्या मालिकेतील सर्वांत मानवी क्षण वाटला. विश्वासाने सांगितलेली गोष्ट ऐकणारा कोणी एकच असतो, म्हणून तर तिला विश्वास म्हणतात.

आणखी एक. या जोडणीत जगभरात ऐंशी कोटींहून अधिक माणसे दगावली, हे कॅरलला सांगितले जाते ते अत्यंत मृदू स्वरात, झाल्या गोष्टीचा खेद दर्शवीत, परिपत्रकाच्या भाषेत. बोलणारा खोटे बोलत नाही. त्याला खरेच वाईट वाटत असावे. पण जाब कोणाला विचारावयाचा? सगळेच 'आम्ही' असल्यावर 'तुम्ही असे का केले?' हा प्रश्न कोणास लागूच पडत नाही. या लेखात आम्हीही 'आम्ही' म्हणत आहोत. तो लेखनाचा जुना रिवाज आहे. पण त्या 'आम्ही'खाली एका माणसाचे नाव असते आणि संपादकांकडे त्याचा पत्ता असतो.

आमचे आयुष्य कचेरीत जाते, म्हणून तेथला दाखला देतो. पूर्वी हिरव्या कागदावर आणि आता ई-ऑफिसच्या पडद्यावर टिपणी चढते ती एका हाताने पुरी होत नाही. कारकून लिहितो, अनुभाग अधिकारी त्यावर शेरा मारतात, अवर सचिव कधी दोघांशीही असहमत होतात. बाहेरच्या माणसाला हा केवळ विलंब दिसतो. पण या पद्धतीच्या मुळाशी एक शहाणपण आहे : एकाच्या नजरेतून सुटलेली चूक दुसऱ्याच्या नजरेस पडावी. त्यासाठी दुसरा खरोखर दुसरा असावा लागतो. सगळी डोकी एकच झाली तर सगळे ज्ञान एकत्र होईल हे खरे, पण चूकही एकत्र होईल, आणि ती दाखविण्यास कोणी शिल्लक राहणार नाही. आम्ही दहा वर्षांत अनेक फायली पाहिल्या. ज्यांवर सर्वांनी न वाचता 'सहमत' लिहिले त्याच पुढे लेखापरीक्षणात अडकल्या.

मालिका निर्दोष आहे असे आम्ही म्हणत नाही. तिची गती कित्येक ठिकाणी मंद आहे. परंतु तिच्यात एक गोष्ट अशी आहे की जिच्याकडे आमच्यासारख्यांनी विशेष लक्ष द्यावे. जोडणीतून सुटलेल्यांना भेटावयाचे ठरविताना कॅरल फक्त इंग्रजी जाणणाऱ्यांना बोलावते. बाकीचे, म्हणजे तिच्याइतकेच एकटे आणि तिच्याइतकेच स्वतंत्र, केवळ भाषेमुळे बाहेर राहतात. जगातील सर्व भाषा त्या एकवटलेल्या मनाला येतात आणि स्वातंत्र्याची ही कैवारी एकाच भाषेवर अडते! लेखकाने हे जाणून केले असेल तर त्याचे कौतुक. अमेरिकेच्या मुद्रेवरील लॅटिन ब्रीदाचा अर्थ 'अनेकांतून एक' असा आहे आणि मालिकेचे नाव त्यातील 'अनेक' या अर्थाच्या शब्दावरून घेतले आहे. त्या नावाची आठवण नायिकेलाही राहिलेली नाही. त्या भेटीस आलेल्यांत लक्ष्मी नावाची एक भारतीय बाई आहे. तिचा मुलगा रवी जोडणीत गेलेला आहे. पण तो माझाच मुलगा आहे, त्याला काही झालेले नाही, असे ती हट्टाने म्हणते. त्या मुलाच्या डोक्यात आता जगातल्या सर्व डॉक्टरांचे वैद्यक आहे, आणि आईचा हात धरणारा तो लहानगा त्यात कोठे आहे हे सांगता येत नाही. लक्ष्मीला आम्ही हसलो नाही. मूल समोर आहे, जेवते आहे, गोड बोलते आहे. मग काही हरवले आहे असे म्हणण्यास फार धैर्य लागते.

येथे आम्ही त्या ठरावाकडे येतो. पुढील गणेशोत्सवात मुलांचे सर्व कार्यक्रम हिंदीत व्हावेत. मुलांना सोपे जाते, शेजाऱ्यांना कळते, एकोपा राहतो. सबब मराठी पाठांतर आणि नाट्यछटा यंदापासून नकोत. दोन मिनिटांत एकमत झाले. मांडणारे सद्गृहस्थ होते, हेतू चांगला होता, आवाज मृदू होता. आतल्या खोलीत एक नऊ वर्षांची मुलगी तीन आठवडे पाठ केलेली नाट्यछटा दुसऱ्या मुलीला म्हणून दाखवीत होती. ती मुलगी आमची. आम्ही म्हणालो, "चालेल, काही हरकत नाही."

आमचा हिंदीशी वाद नाही. या प्रदेशात राहून असा वाद करणे कृतघ्नपणा ठरेल. पेंड्र्याहून 1900 साली 'छत्तीसगढ मित्र' काढणारे माधवराव सप्रे मराठी घरातले. त्यांनी हिंदीची सेवा केली आणि समर्थांचा दासबोध व टिळकांचे गीतारहस्य हिंदीत नेले. मराठी विसरले असते तर हिंदीला देण्यास त्यांच्या हाती काय राहिले असते? येथून थोड्याच अंतरावर राजनांदगावच्या महाविद्यालयात 1958 पासून गजानन माधव मुक्तिबोध शिकवीत होते. हिंदी कवितेत त्यांचे स्थान कोठे आहे हे सांगावयास नको. त्यांचे धाकटे बंधू शरच्चंद्र मराठीचे कवी. एका आईची दोन मुले दोन भाषांत मोठी झाली आणि दोन्ही भाषा श्रीमंत झाल्या. हे ऐक्य. एकाने दुसऱ्यात विरून जावे ही एकरूपता. तिला आपण नुसत्या सोयीसाठी ऐक्य म्हणू लागलो आहोत.

म्हणून, उशिरा का होईना, आमचा विरोधी अभिप्राय या फायलीवर चढावा अशी आमची मंडळींना विनंती आहे. ठराव पुन्हा विचारार्थ घ्यावा. नाट्यछटा कार्यक्रमात ठेवावी, तिच्याआधी तिचा आशय हिंदीत दोन वाक्यांत सांगावा, आणि शेजारच्या मुलांना बोलावून त्यांच्याकडून छत्तीसगढीत एखादे गाणे म्हणवून घ्यावे. पन्नास वर्षांपूर्वी याच भागातल्या खेड्यांत एका चित्राबरोबर दोन ध्वनी सोडण्याची सोय आकाशातून होऊ शकली. एका गणपतीसमोर ती आपल्याला करता येणार नाही, असे आम्हाला वाटत नाही. ज्यांना आमचे म्हणणे पटणार नाही त्यांनी तसे अवश्य सांगावे. पुढील बैठकीस आम्ही येणार आहोत, आणि या खेपेस गप्प बसणार नाही.